शावीच्या दिवशी रागवायचं नसतं

कासिमिरा आत्याला वर्षातला एक दिवस सोडला तर रोज राग येत असे. तो एक दिवस म्हणजे शावी शिजवायचा. त्या दिवशी तिला राग येऊन चालत नसे, कारण रागानं शिजवलेली शावी थिजत नाही, पातळ राहते. हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

शावी हवी तर आधी ओकची फळं हवीत. ती वेचायची, जवळजवळ वर्षभर वाळवायची, दगडानं फोडायची, गराची तांबडी सालपटं पाखडून काढायची, दळायची. मग पीठ फडक्यावर पसरून त्यावर पाणी ओतत बसायचं, त्यातला कडवटपणा पार निघून जाईपर्यंत. आणि एवढं सगळं झालं की चुलीवर ढवळायला उभं राहायचं, आणि ढवळणारा हात थांबवायचा नाही. सणाला खालच्या-वरच्या सगळ्या वस्त्यांतले कुमेयाय जमातीचे लोक जमत, आणि खड्ड्यात भाजलेलं मांस, राजमा, पोळ्या काही का असेना, थंडगार शावीची वडी पानात पडली नाही तर सण झाला असं कुणी म्हणत नसे. ती शावी पिढ्यानपिढ्या कासिमिराच्याच घरची. म्हणून त्या दिवशी तिचं मन कुणी मोडायचं नाही, ती म्हणेल ते करायचं, हा नियम.

आत्या या नियमाचा पुरेपूर फायदा घेई. सुतारपक्षी ओकच्या खोडात भोकं पाडून एकेक फळ ठोकून ठेवतो, तशा ती आपल्या मागण्या वर्षभर ठोकून ठेवी आणि शावीच्या दिवशी एकेक बाहेर काढी. एका वर्षी तिनं छप्पर शाकारून घेतलं. एका वर्षी भाचा सिरिलोला त्याचा कोंबडा वस्तीबाहेर पाठवायला लावला, कारण तो तिच्याकडे बघून आरवतो असं तिचं म्हणणं होतं. वस्तीचे अध्यक्ष एर्मिनिओ तर त्या दिवशी तिच्या घरावरून जायचंच टाळत. गेले की तिच्या रस्त्यावर खडी टाकायचं वचन देऊन यावं लागे.

लेओनोर ही तिची भाची. आईबाप लहानपणीच गेले, आत्यानं वाढवलं. आता अडतिशीला आलेली, शांत, कामसू, आणि एका बाबतीत अगदीच निकामी. तिला लपवता येत नसे. पिओनच्या खेळात पांघरुणाखाली मुठीत हाडं लपवायची असतात, आणि पांढरं हाड कुठल्या मुठीत ते समोरच्यानं ओळखायचं. लेओनोरला संघात घेतलं तेव्हा समोरच्या म्हातारीनं तिच्या मुठींकडे बघितलंसुद्धा नाही. तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "डावी." तेव्हापासून तिला गाणाऱ्या बायकांत मागे बसवत.

अशा बाईच्या पोटात वर्षभर दोन गुपितं होती. बिचारी वाळून निम्मी झाली होती.

पहिलं गुपित झाडाचं. आत्याच्या घरामागचा ओक म्हणजे आत्याचा अभिमान. एवढा ऐसपैस, की त्याच्या तीन फांद्या दमून जमिनीवर कोपर टेकून बसल्या होत्या. उन्हाळा असो, हिवाळा असो, हिरवा तो हिरवाच. आणि वाळकी पानं मात्र बारा महिने गाळायचा, तीही काटेरी, अनवाणी माणसाला नाचायला लावणारी. "माझ्या झाडाची चव दुसऱ्या कुठल्या झाडाला नाही," असं आत्या म्हणे. "डोळे बांधून एक वडी द्या, सांगते माझी की परक्याची." गेल्या वर्षी ऐन वेचणीच्या दिवसांत तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यातून तिनं निरोप धाडला, की लेओनोर, वेच, पण फक्त माझ्याच झाडाची.

आणि ओकनं नेमकं त्याच वर्षी सुट्टी घेतली. तसं ते झाड करतं. एक वर्ष छपरावर दगडफेक केल्यासारखी फळं पाडतं, दुसऱ्या वर्षी हात वर करतं. लेओनोर पाटी घेऊन खाली वाकली तेव्हा तिला मूठभर फळं मिळाली, तीही किडीनं पोखरलेली. पाण्यात टाकली तर सगळी तरंगली.

त्या वर्षी खोऱ्यात एकच झाड लदबदलेलं होतं. वरच्या वस्तीतल्या प्रुदेन्सियाचं.

या प्रुदेन्सियाचं नावही आत्याच्या घरात काढायची सोय नव्हती. फार वर्षांपूर्वी आत्याची आई वारली. प्रेताजवळ रात्रभर जागायचं असतं, त्या जागरणाला जी शावी केली ती थिजली नाही. प्रुदेन्सियानं वाडगा जरा तिरका केला, आत शावी हलली, आणि ती शेजारणीला म्हणाली, "ही खायची की प्यायची?" हळूच म्हणाली होती, पण आत्याचे कान ते. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद. राग आला की शावी पातळ होते याचा पुरावा म्हणूनही लोक त्याच दिवसाकडे बोट दाखवत. आई गेल्यामुळे कासिमिरा देवावर रागावली होती, असं म्हणत.

लेओनोर चोरासारखी वर गेली. प्रुदेन्सिया लेकीकडे गेली होती. घरी मुलगा होता, उबाल्दो, वणवा विझवणाऱ्या पथकाचा पाण्याचा ट्रक चालवणारा. आडदांड, लाजाळू, बोलायची वेळ आली की टोपी काढून तिचा काठ चाचपणारा. त्यानं काही विचारलं नाही. पोती आणली आणि तिच्याबरोबर वेचायला बसला. तीन पोती भरेपर्यंत दोघं मिळून जेमतेम दहा वाक्यं बोलली असतील. पण त्यातलं एक असं होतं, की त्यावरून दुसरं गुपित सुरू झालं.

आत्या घरी आली, पोती पाहिली, आणि वॉकरला रेलून म्हणाली, "बघ! मी दवाखान्यात पडलेय तरी माझ्या झाडानं मला उपाशी ठेवलं नाही." लेओनोर 'हो' म्हणाली आणि न्हाणीघरात जाऊन तोंड धुऊन आली.

आता उबाल्दो लग्नाचं म्हणत होता. आत्याच्या मनाविरुद्ध लग्न करायला तिला कायद्यानं कुणाची हरकत नव्हती. पण जिनं वाढवलं तिच्याशी जन्मभर अबोला धरून संसार मांडायचा, हे लेओनोरला जमणार नव्हतं. आणि आत्याला अबोला धरणं किती छान जमतं, ते तिनं पाहिलं होतं.

उन्हाळाभर आत्या दारात बसून फळं फोडत होती आणि लेओनोर मनात वाक्यं जुळवत होती. सणाच्या आदल्या दिवशी, शावीचं पीठ धुताना, तिच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. शावीच्या दिवशी आत्याला राग आणायचा नाही, हे सगळे धरून चालतात. पण मग आत्यालाही तर रागावता येत नाही! शेकडो लोकांची शावी तिच्या हातात. चुलीपासून हलता येत नाही. काहीही सांगा, तिनं ऐकून घ्यायचं आणि गोड हसायचं.

एवढी युक्ती सुचली आणि ती कुणालातरी सांगितल्याशिवाय लेओनोरला राहवेना. जवळ सरपण फोडत असलेला चुलतभाऊ सिरिलो होता. लग्नाचं नाही, झाडाचंही नाही, नुसती युक्ती तिनं त्याला सांगितली. सिरिलोच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तिला आठवलं तेव्हा तो कुऱ्हाड टाकून कुठंतरी निघून गेला होता.

पातेलं ओकखाली चढलं. आत्या उंच स्टुलावर बसून लांब लाकडी काठीनं ढवळत होती. पलीकडच्या वळणावर एक पाण्याचा ट्रक सकाळपासून उभा होता. लेओनोर दोनदा आत्याजवळ गेली, दोनदा सरपण सारखं करून परत आली. तिसऱ्यांदा ती धीर करून तोंड उघडणार तोच सिरिलो पुढे आला. न्हाऊनमाखून, भांग पाडून.

"आत्या, तुझ्या गाडीचा दिवा फुटला होता ना," तो म्हणाला.

"अध्यक्षाच्या गाईनं फोडला. तिचं नाव काढू नको, आज माझा चांगला दिवस आहे."

"गाय नव्हती. मी होतो."

आत्याची काठी एक गिरकी चुकली. तीन वर्षं ती त्या गाईला शिव्या देत होती. रस्त्यात दिसली तर तिच्याकडे पाठ फिरवत होती.

"तू," ती म्हणाली.

"रागावलीस?"

आत्यानं पातेल्यात बघितलं. मग दातांत काहीतरी अडकल्यासारखी हसली. "छे! मी कशाला रागावू? जा बाळा, सरपण आण."

सिरिलो उड्या मारत गेला, आणि तो गेला त्या बाजूला लेओनोरनं पाहिलं. झाडापासून फाटकापर्यंत माणसांची रांग लागली होती. चर्चमध्ये पापं कबूल करायला लागते तशी, पण चर्चमध्ये एवढी गर्दी तिनं कधी पाहिली नव्हती.

शेजारची पान्फिला पुढे आली. "ताई, तुमच्या आईचा पाटा हरवला म्हणून तुम्ही रडला होतात ना? तो माझ्याकडे आहे. त्यावर मी कुंडी ठेवलीय. शोभून दिसतो हो."

"शोभत असेल," आत्या म्हणाली. काठी जोरात फिरू लागली.

मागून अध्यक्ष एर्मिनिओ. त्यांनी घसा साफ केला. "कासिमिराबाई, तुमच्या रस्त्याची खडी मंजूर झाली होती. आलीही होती."

"कधी? कुठंय?"

"तशी… माझ्या दारात. पाऊस फार होता त्या साली."

"अध्यक्षांच्या पायाला चिखल लागायला नको," आत्या म्हणाली. तिच्या गालावरचं हसू आता थरथरत होतं. "मी मुळीच रागावले नाहीये."

"धन्य आहात," असं म्हणून अध्यक्ष फिरले आणि मागच्याला हळूच म्हणाले, "खरंच काही करत नाही रे. जा, जा."

म्हाताऱ्या तोरिबिओला तर धरून आणावं लागलं. तो ऐंशीच्या पुढचा. आत्याच्या शावीचं पहिलं ताट दर वर्षी त्याला जाई, मानाचं. तो काठीवर रेलून म्हणाला, "पोरी, मरायच्या आधी सांगतो. मला शावी आवडत नाही. कधीच आवडली नाही. तुझी शावी मी कुत्र्याला घालतो."

रांगेत कुणीतरी 'अरे देवा' म्हणालं.

"कुत्र्याला आवडते बरं का," म्हातारा समजुतीच्या सुरात म्हणाला. "चाटूनपुसून खातो."

 आत्याचा चेहरा पिकल्या टोमॅटोसारखा झाला होता आणि पातेल्यात भोवरा फिरत होता. लेओनोरला कळून चुकलं, की आपली युक्ती आपल्याच हातानं वाया गेली. प्रत्येकजण आत्याच्या सहनशीलतेतला एकेक वाडगा भरून नेतोय आणि तिचा नंबर येईतो तळ लागणार. उद्या सांगावं? उद्या आत्या मोकळी. पुढच्या वर्षी सांगावं? तोवर उबाल्दोची टोपी पार फाटून जाईल. ती रांगेत शिरली. तीही सगळ्यांत शेवटी, कारण मध्ये घुसायचा तिचा स्वभाव नव्हता.

रांग संपली तेव्हा ऊन झाडाच्या कडेपर्यंत आलं होतं. ज्यांचं झालं होतं ते घरी न जाता पुढच्यांचं ऐकायला तिथंच बसले होते.

"तू कशाला उभी आहेस?" आत्या म्हणाली. "काठी धरायला आलीस ना? तूच एक गुणाची."

"आत्या, मी लग्न करतेय."

काठी सावकाश झाली. आत्यानं मान वर केली आणि लेओनोरला वाटलं, तिच्या डोळ्यांत रागाऐवजी दुसरंच काही येऊन गेलं.

"कर की," आत्या म्हणाली. "वय झालं तुझं. कोण आहे?"

"उबाल्दो."

"कोणाचा उबाल्दो?"

ओकचं एक पान गळून जमिनीवर पडलं, ते सगळ्यांना ऐकू आलं.

"प्रुदेन्सियाचा," लेओनोर म्हणाली. आणि एकदा तोंड उघडल्यावर तिला ते मिटता येईना. "आणि आत्या, ही फळं तुझ्या झाडाची नाहीत. तुझ्या झाडाला काहीच आलं नव्हतं. ही त्यांच्या झाडाची आहेत, मीच आणली, उबाल्दोनं पोती उचलली, प्रुदेन्सियाबाईंना माहीत नाही, आणि तू रोज म्हणायचीस माझ्या झाडाची, माझ्या झाडाची, आणि मला घास जात नव्हता गं आत्या."

काठी थांबली. पातेल्यात एक मोठा बुडबुडा आला आणि फट्कन फुटला.

"ढवळा!" अध्यक्ष ओरडले. "करपेल! कुणीतरी ढवळा!"

आत्या जागची हलेना. लेओनोरनं तिच्या हातातली काठी ओढून घेतली आणि दोन्ही हातांनी ढवळायला लागली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पातेल्यात पडू नये म्हणून मान वळवून, खांद्याला डोळे पुसत ढवळत होती.

आत्या स्टुलावरून उतरली. आपल्या रिकाम्या हातांकडे तिनं बघितलं. उलटेपालटे करून बघितले. आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू खरंखुरं हसू पसरलं. ते हसू पाहिलं आणि सिरिलो दोन पावलं मागे सरकला.

"काठी आता माझ्याकडे नाहीये," आत्या म्हणाली. "शावी लेओनोर शिजवतेय. नाही का?"

"तसं… हो," अध्यक्ष म्हणाले.

"म्हणजे मी रागावले तर चालतंय."

कुणी हो म्हणायला थांबलं नाही. पळापळ झाली. पण आत्याचा गुडघा नवा होता. "सिरिलो, गाढवा! तीन वर्षं ती मुकी गाय माझे शाप खातेय! अगं पान्फिला, कुंडी? माझ्या आईच्या पाट्यावर कुंडी? संध्याकाळच्या आत तो घरी आला नाही तर मी तुला त्या कुंडीत लावते! अध्यक्ष, पळता कुठं? खडीवरून पळा, तुमच्याच दारात आहे!" तोरिबिओला पळता येईना, म्हणून तो तिथंच डोळे मिटून बसला. त्याच्यासमोर ती येऊन उभी राहिली आणि नुसती म्हणाली, "कुत्र्याचं नाव काय?"

"पिंतो."

"उद्या पहिलं ताट पिंतोला. मानाचं."

मग ती ओकपाशी गेली. एक फांदी टेकली होती तिथं उभी राहून तिनं झाडाच्या बुंध्यावर थाप मारली. "आणि तुला काय धाड भरली होती रे? तुझ्या जिवावर मी जगात मान वर करून बोलते! मूठभर तरी द्यायची होतीस!" झाडानं दोन काटेरी पानं तिच्या डोक्यावर टाकली. ती बराच वेळ तिथं पाठमोरी उभी होती. लेओनोरला वाटलं, आता अबोला सुरू झाला.

आत्या परतली तेव्हा अंगण मोकळं होतं. "अशी चमच्यासारखी काय धरतेस," ती म्हणाली. "तळापासून ओढ."

लेओनोरनं काठी पुढे केली. आत्यानं घेतली नाही.

"राहू दे. तूच कर. मी जरा बसते." ती स्टुलावर बसली आणि तिनं वळणाकडे हनुवटी केली. "आणि त्या ट्रकात सकाळपासून दडून बसलाय, तो काय माणूस आहे की पाण्याची टाकी? बोलव त्याला. पातेलं उतरवायला दोन दांडगे हात लागतील."

उबाल्दो आला. टोपी चाचपत उभा राहिला. त्यानं पातेलं उतरवलं, शावी परातींत ओतली, आणि जाताना आत्याला म्हणाला, "बाई, फळं चांगली वाळवली होतीत तुम्ही." आत्यानं उत्तर म्हणून फक्त नाकानं हवा सोडली. पण लेओनोर तो नाद ओळखत होती. सिरिलोच्या कोंबड्याला असली मवाळ हवा कधीच मिळाली नव्हती.

शावी थिजेल की नाही, याची धास्ती मात्र लेओनोरची एकटीची. निम्मी आत्यानं संतापून ढवळलेली, निम्मी हिनं रडून. परातींवर फडकी झाकून आत्या तिला म्हणाली, "सारखं उघडून बघू नको." तिनं सारखं उघडून बघितलं.

सणाला दुपारी मांडवात जेवणं सुरू झाली आणि वरच्या वस्तीतली मंडळी आली. सगळ्यांत पुढे प्रुदेन्सिया, ठेंगणी, गोल, हातात वाडगा. इतक्या वर्षांत ती आत्याच्या टेबलाकडे फिरकली नव्हती. मांस घ्यायची आणि लांबून निघून जायची. आज मुलानं हट्ट धरला म्हणून आली, आणि लोकांनी वाट करून दिली. कालचं सगळं रातोरात खोऱ्यात पसरलं होतं, फक्त प्रुदेन्सियाला कुणी सांगितलं नव्हतं. असली बातमी आपण सांगण्यापेक्षा घडताना बघावी, असं सगळ्यांचं मत पडलं होतं.

"थोडीशीच दे," प्रुदेन्सिया म्हणाली. "मला चमचा लागेल का कप, तेवढं सांग."

 आत्यानं वडी कापली, तिच्या वाडग्यात ठेवली, आणि वाडगा सगळ्यांसमोर तिच्या डोक्यावर पालथा धरला.

लेओनोरनं उबाल्दोचा दंड घट्ट धरला. वडी वाडग्यातच राहिली. पडली नाही, घसरली नाही. आत्यानं वाडगा सुलटा केला तेव्हा ती जागच्या जागी एकदा थरथरली आणि स्वस्थ बसली.

प्रुदेन्सियानं तुकडा तोंडात घातला. दुसरा घातला. ती चोखंदळ बाई, पण खोटं बोलणारी नव्हती.

"कासिमिरा," ती शेवटी म्हणाली, "तुझं झाड ते तुझंच झाड. आमच्या झाडाला ही चव नाही."

उबाल्दोला ठसका लागला. अध्यक्षांनी टोपीत तोंड लपवलं. आत्यानं प्रुदेन्सियाकडे बघितलं, लेओनोरकडे बघितलं, आणि मग ती हसायला लागली. पोट धरून, टेबलाला धरून, डोळ्यांतून पाणी येईतो हसली. तिला असं हसताना पाहून काही जण घाबरून उठले.

"झाड कुणाचंही असो," डोळे पुसत ती म्हणाली, "शिजवलीय या माझ्या पोरीनं. आणि ही आता तुझी सून व्हायची म्हणते. हिच्या हाताला नाव ठेवायचं असेल तर आत्ता ठेव."

प्रुदेन्सियाचं तोंड शावीनं भरलेलं होतं. तिनं मुलाकडे बघितलं. मुलानं टोपीकडे बघितलं. एवढ्या लोकांसमोर स्तुती करून बसल्यावर आता बोलायला जागा कुठं होती? तिनं घास गिळला आणि वाडगा पुढे केला. "अजून एक वाढ," ती म्हणाली.

सगळं आटपल्यावर आत्या आणि भाची ओकखाली पातेलं घासत बसल्या. पाटा परत आला होता. कुंडीचा गोल डाग त्यावर तसाच होता.

"आत्या," लेओनोर म्हणाली, "काल तू किती रागावली होतीस!"

"उकळत होते."

"मग शावी थिजली कशी?"

"दर वर्षी उकळत असते. दर वर्षी थिजते." आत्या राख घेऊन तळ घासत होती. "पीठ नीट धुतलं, पाणी बेताचं घातलं, की थिजते. तिला काय कळतंय माझ्या मनातलं?"

लेओनोरचा हात थांबला. "मग तो नियम?"

"आईनं काढला. माझे बाबा तुला आठवत नसतील. वर्षभर आईला वाक्य पुरं करू द्यायचे नाहीत. पण शावीच्या दिवशी स्वतः पाणी भरायचे, आणि ती बोलेल ते ऐकत बसायचे. एक दिवस. मरताना तिनं माझ्या कानात सांगितलं. म्हणाली, हा दिवस सोडू नको."

"पण तिच्या जागरणाची शावी…"

"त्या दिवशी मी रागावले नव्हते गं," आत्या म्हणाली. "रडत होते. पातेलं दिसत नव्हतं मला. किती पाणी घातलं, कळलंच नाही."

लेओनोरनं राखेचे हात तसेच आत्याच्या गळ्यात टाकले. आत्यानं थोडा वेळ टाकू दिले.

"पुरे. फ्रॉक खराब करशील," ती म्हणाली. "वेचायला आता माझ्याबरोबर कोण येईल?"

"मी येईन. उबाल्दो येईल. दर वर्षी."

"यंदा बघ कसं लागलंय," आत्या वर बघत म्हणाली. फांद्या हिरव्या फळांनी वाकल्या होत्या. "गेल्या वर्षीचं सगळं यंदा काढतोय मेला."

तेवढ्यात काटेरी पानांवरून जपून पावलं टाकत प्रुदेन्सिया आली. हातात धुतलेला वाडगा. आत्यानं पातेलं उचललं आणि मुद्दाम आत निघून गेली, पण दारात थांबून म्हणाली, "प्रुदेन्सिया, पुढच्या सणाला तुमच्याकडची शावी ही शिजवेल. त्या दिवशीचा नियम सासूलाही लागू असतो. एक शब्द बोलायचा नाही. पाणीसुद्धा घरच्यांनी भरायचं."

प्रुदेन्सियानं आत्या जाईतो वाट पाहिली. मग ती लेओनोरच्या अगदी समोर येऊन बसली आणि, पिओनमध्ये मुठी ओळखायला बसतात तशी, तिच्या तोंडाकडे टक लावून बघायला लागली.

"तुला खोटं बोलता येत नाही म्हणतात," ती म्हणाली. "खरं सांग. रागावलं तर थिजत नाही, हे खरंय का?"

लेओनोरच्या चेहऱ्यावर एक रेघसुद्धा हलली नाही.

"खरंय, सासूबाई," ती म्हणाली.